गेलं ते कुणी नेलं?

"वकीलबाई, विहिरीवरची मोटार गेली." "खळ्यावरचं सोयाबीन गेलं." "बाजारात पाकीट गेलं." रेणापुरात वकिली करताना चोरीची हकिकत माझ्यापुढे येते ती बहुतेक अशीच. 'चोरी' हा शब्द सांगणाऱ्याच्या तोंडी उशिरा येतो आणि कुणाचं नाव तर त्याहून उशिरा. संशय कुणावर आहे हे अर्ध्या गावाला ठाऊक असतं, पण मोटार मात्र स्वतःच्या पायांनी शिवारातून निघून गेल्यासारखी 'गेलेली' असते.

कागदावर हे चालत नाही. कागदाला नेणारा लागतो. मोटार चोरली, हिसकावली, कुलूप फोडून नेली, सांभाळायला दिलेली लाटली, की नुसती गहाळ झाली? यातलं कोणतं क्रियापद लिहिलं त्यावर पोलीस तपास करणार का, आरोपीला जामीन मिळणार का आणि विमा कंपनी पैसे देणार का, हे ठरतं. थोडक्यात, नुकसान शेवटी कुणाच्या गळ्यात पडणार ते ठरतं. आमच्या भागात गेल्या दोनशे वर्षांत हे क्रियापद लिहिणारे हात बदलले, भाषा बदलल्या, सरकारं बदलली. त्याची ही हकिकत.

सगळ्यात जुनी रीत कागदाची नव्हतीच. ती पायाच्या ठशांची होती. दख्खनच्या गावगाड्यात रात्रीचा पहारा कुठे जागल्याकडे, कुठे रामोशाकडे, तर कुठे येसकराकडे असे. मुलूख पेशव्यांचा असो की निजामाचा, गावाची घडी बरीचशी सारखी होती. पेशवाई बुडाल्यावर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनने १८१९ साली जिंकलेल्या मुलखाचा अहवाल लिहिला आणि पुढे १८४१ मध्ये हिंदुस्थानचा इतिहास छापला. गावच्या पहारेकऱ्याचं काम त्याने बारकाईने टिपलं आहे. चोरी झाली की पहारेकऱ्याने माग काढायचा. माग दुसऱ्या गावाच्या शिवेत शिरला की तिथल्या पहारेकऱ्याला दाखवून तो त्याच्या हवाली करायचा. त्याची खात्री पटली की पहिलं गाव मोकळं. ज्याच्या हद्दीत माग संपला त्याने चोर हजर करायचा, नाहीतर माल भरून द्यायचा. त्याची ऐपत संपली की उरलेली रक्कम साऱ्या गावावर बसायची.

या व्यवस्थेत 'बैल गेला' एवढं सांगणं पुरेसं होतं. कुणी नेला हा प्रश्न नंतरचा. आधी माग कुठवर गेला ते बघायचं. ज्याचा बैल गेला तो एकटा पडत नसे, त्याचं नुकसान कुठल्या ना कुठल्या गावाला आपलं मानावंच लागे. पण या रीतीचे फार गोडवे गाण्याचं कारण नाही. पहारा ज्यांच्याकडे होता त्यांच्याकडे बहुधा ना जमीन होती ना पैसा, आणि सावकाराच्या घरची पेटी फुटली तर पहिला संशयही त्यांच्यावरच. त्र्यं. ना. आत्रे यांचं 'गावगाडा' १९१५ साली आलं. त्यात गावाबाहेर पाल टाकणाऱ्यांकडे शिकलेला माणूस किती संशयाने बघत होता, ते पानोपानी दिसतं. भरपाई गावाची, पण जाच कुणाला, हे जात ठरवत होती.

इंग्रजांना या मुलखातल्या चोरीने भलतीच भुरळ घातली. फिलिप मेडोज टेलर हा निजामाच्या नोकरीतला तरुण अधिकारी १८२० च्या दशकात तुळजापूरच्या बाजूला पोलिसाचं काम बघत होता. १८५३ च्या तहाने नळदुर्गाचा भाग काही वर्षं इंग्रजांकडे गेला, तेव्हा त्याचा कारभारही पुढे त्याच्याकडेच आला. १८३९ साली त्याने ठगाच्या कबुलीजबाबाची कादंबरी लिहिली आणि ती विलायतेत गाजली. त्याच्या आधी, १८३६ मध्ये, ठगांचा बंदोबस्त करणाऱ्या स्लीमन या इंग्रज अधिकाऱ्याने त्यांच्या गुप्त बोलीचा कोशच छापला होता. चोरांच्या शब्दांचा कोश सरकारी अधिकाऱ्याने करावा, ही त्या काळाची गरज होती. ठग, लूट, डाका हे आपले शब्द इंग्रजीने थोडाफार उच्चार बदलून ठेवून घेतले. 'लूट' तर आजही तिकडच्या वर्तमानपत्रांत रोज छापून येते. एवढी मोठी भाषा, पण टोळीने येऊन गाव धुऊन नेण्याचा शब्द तिनेही आपल्याकडून उसना घेतला.

रेणापूर तेव्हा मोमिनाबाद तालुक्यात, म्हणजे आजच्या अंबाजोगाईत, आणि जिल्हा बीड. सालारजंग पहिले १८५३ साली निजामाचे दिवाण झाले आणि १८६५ च्या सुमारास त्यांनी जिल्हाबंदी केली, म्हणजे राज्याची जिल्ह्यांत विभागणी केली, पोलीस आणि महसूल वेगळे केले. गावात माली पाटील वसुलीचा आणि पोलीस पाटील बंदोबस्ताचा, ही जोडी तेव्हापासून मराठवाड्याच्या तोंडी बसली. १८८० च्या दशकात दप्तरातून फारसी गेली आणि उर्दू आली. म्हणजे रेणापूरच्या शेतकऱ्याने मराठीत सांगायचं, लिहिणाऱ्याने उर्दूत लिहायचं, आणि वरच्या कचेरीत कधीकधी त्याचं इंग्रजी व्हायचं.

एका पक्षकाराच्या घरी जमिनीचे जुने कागद शोधताना पत्र्याच्या पेटीतून असाच एक कागद निघाला. खाली फसली सन होता, चौदाव्या शतकाच्या पूर्वार्धातला, म्हणजे आपल्या १९३० च्या आसपासचा. आम्हाला उर्दू येईना, म्हणून गावातल्या एका निवृत्त उर्दू शिक्षकांना बोलावलं. चष्मा पुसून त्यांनी वाचायला सुरुवात केली. बैल चोरीची फिर्याद होती. फिर्यादीचं नाव, बापाचं नाव, गाव हे एका ओळीत उरकलेलं. बैलाला मात्र चार ओळी. रंग, कपाळावरचा पांढरा टिळा, डाव्या शिंगाचं तुटलेलं टोक, पाठीवरचा डाग, दातावरून काढलेलं वय. "माणसापेक्षा बैलाची ओळख जास्त लिहिली बघा," गुरुजी म्हणाले. माणसाला शोधायचं नव्हतं, बैलाला शोधायचं होतं, तेव्हा तेच बरोबर होतं. चोरीला शब्द होता 'सर्का' आणि बैलाला 'माले-मसरूका', म्हणजे चोरीचा माल. बैलाच्या मालकाने हे शब्द आयुष्यात उच्चारले असतील असं वाटत नाही. खाली त्याचा अंगठा होता.

हे शब्द कुठून आले, त्याचीही गोष्ट आहे. इंग्रज मुलखासाठी दंडसंहितेचा पहिला मसुदा १८३७ मध्ये मेकॉलेच्या आयोगाने केला, कायदा १८६० मध्ये झाला आणि १८६२ च्या १ जानेवारीपासून लागू झाला. त्याचं उर्दू भाषांतर करणाऱ्यांत नज़ीर अहमद होते, पुढे 'मिरात-उल-उरूस' लिहून उर्दूचे आद्य कादंबरीकार मानले गेलेले डेप्युटी नज़ीर अहमद. चोरीला सर्का, जबरदस्तीने केलेल्या चोरीला सर्का-बिल-जब्र, घरफोडीला नकबजनी, ठेवायला दिलेली वस्तू गिळंकृत करण्याला खयानत, अशी ही शब्दांची जुळणी. नज़ीर अहमद स्वतः सालारजंगांच्या बोलावण्यावरून १८७७ मध्ये हैदराबादच्या नोकरीत आले. संस्थानाची दंडसंहिता वेगळी होती, पण तिची भाषा याच घराण्यातली. आपण आजही कोर्टात 'जबरी चोरी' म्हणतो, त्यातला 'जबरी' त्याच जब्रचा. निजाम गेला, उर्दू दप्तर गेलं, जब्र मात्र मराठी फिर्यादीत मुक्कामाला राहिला.

मेकॉलेच्या संहितेतही एक बैल आहे. चोरी म्हणजे काय हे समजावताना कायद्यात छोटी छोटी उदाहरणं दिली आहेत. रस्त्यात एक बैल दिसतो, त्याच्या पाठीवर खजिन्याची पेटी आहे. खजिना लाटायच्या हेतूने कुणी त्या बैलाला विशिष्ट दिशेला हाकतो. बैलाने पाऊल उचललं की खजिन्याची चोरी झाली. पेटी उघडली नाही, पैशाला हात लावला नाही, तरी झाली. दुसरं उदाहरण अंगठीचं: हमरस्त्यावर कुणाच्याही ताब्यात नसलेली अंगठी सापडली आणि उचलली, तर ती चोरी नाही, अपहार मात्र होऊ शकतो. म्हणजे कायद्याच्या दृष्टीने वस्तू कुणाच्या तरी ताब्यात असायला हवी, ती त्याच्या संमतीवाचून हलायला हवी आणि हलवणाऱ्याच्या मनात लबाडी हवी. फिर्यादीतलं ते ठरीव वाक्य, 'कोणीतरी अज्ञात चोरट्याने माझे संमतीवाचून लबाडीच्या इराद्याने चोरून नेले', हे ठाण्यातल्या लेखनिकाचं पाल्हाळ नाही. त्यातला शब्दन् शब्द मेकॉलेच्या व्याख्येतून गाळून आलेला आहे.

१९४८ च्या सप्टेंबरात भारत सरकारच्या पोलीस कारवाईने हैदराबाद संस्थान पडलं. त्याआधी रझाकारांनी गावं लुटली होती. पोलीस कारवाईनंतरच्या आठवड्यांत या भागातली मुसलमानांची घरंदारं लुटली गेली, माणसं मारली गेली. दिल्लीहून आलेल्या पंडित सुंदरलाल आणि काझी अब्दुल गफ्फार यांच्या समितीने सगळ्यात जास्त झळ बसलेले म्हणून जे चार जिल्हे सांगितले, त्यांत उस्मानाबाद आणि नांदेड होते. लातूर तेव्हा उस्मानाबादेत होतं. तो अहवाल कित्येक दशकं लोकांपुढे आलाच नाही. चोरीच्या इतिहासात हे सांगायचं कारण असं, की चोरी रात्री होते आणि लपून होते. लूट दिवसाढवळ्या होते आणि करणारा ओळखीचा असतो. चोरीची फिर्याद देता येते. लुटीची द्यायला ज्याच्याकडे जावं तोच कधीकधी गर्दीत असतो. त्या दिवसांबद्दल दोन्हीकडचे म्हातारे बोलतात तेव्हा ते 'चोरी' म्हणत नाहीत. 'तेव्हा गेलं' एवढंच म्हणतात.

पुढे १९५१ मध्ये भारतीय दंडसंहिता आमच्याकडे लागू झाली आणि १ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला. उर्दूत शिकलेले कारकून आणि वकील इंग्रजीत हात बसवू लागले. १९६४ मध्ये राज्याचा राजभाषा कायदा झाला. तालुका-जिल्हा न्यायालयांची भाषा मराठी व्हायला १९९८ उजाडलं. मधल्या काळात रेणापूरही हललं. १९८२ मध्ये लातूर जिल्हा झाला तेव्हा रेणापूरचा भाग बीडमधून काढून लातूरला जोडला आणि १९९९ मध्ये रेणापूर स्वतः तालुका झालं. आज्याने मोमिनाबादला उर्दूत दिलेली फिर्याद, बापाने अंबाजोगाईला आणि मुलाने रेणापूरला मराठीत, अशी घराणी इथे आहेत.

पण सगळ्यांच्या वाट्याला फिर्यादी होणं आलं नाही. काहींना जन्मतःच आरोपीच्या रकान्यात लिहिलं गेलं. इंग्रजांनी १८७१ मध्ये गुन्हेगार जमातींचा कायदा केला. निजामाच्या राज्यातही अशाच नोंदी आणि हजेऱ्या होत्या. कायदा रद्द झाला ३१ ऑगस्ट १९५२ रोजी. या जमातींपैकी एकीला सरकारी कागदात नावच पडलं होतं 'उचल्या'. उचलणे या क्रियापदाचं जातीचं नाव झालं आणि ते तान्ह्या पोरालाही चिकटलं. लातूर जिल्ह्यातल्या धनेगावचे लक्ष्मण गायकवाड यांनी तेच नाव आपल्या आत्मकथनाला दिलं. 'उचल्या' १९८७ मध्ये आलं आणि पुढच्याच वर्षी त्याला साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. इंग्रजी भाषांतराला नाव दिलं 'द ब्रँडेड', म्हणजे डाग दिलेला. ते बरोबरच आहे. चोरी करणं हे कृत्य आहे. डाग कुणीतरी दुसऱ्याने दिलेला असतो. आजही कुठे घरफोडी झाली की पहिली जीप कुठल्या वस्तीकडे वळते, ते इथल्या कुणालाही विचारा.

याच्या उलट एक चोरी अशी की तिला आमच्याकडे कुणी चोरी म्हणत नाही. विजेच्या तारेवर आकडा टाकणे. वीज ही हातात धरून नेता येणारी वस्तू नाही, म्हणून १९१० च्या कायद्याला 'ही चोरी समजावी' असं मुद्दाम लिहावं लागलं, आणि आता २००३ च्या वीज कायद्याचं कलम १३५ आहे. गावात मात्र 'वीज चोरली' म्हणणारा भेटायचा नाही. "आकडा टाकलाय," म्हणतील, तेही हसून. बांध कोरणाऱ्याचंही तसंच. तो जमीन 'चोरत' नाही, दर पेरणीला बांध 'सरकतो'.

आता इंग्रजीकडे येते, कारण हल्ली माझ्याकडे येणाऱ्या कागदांत विम्याच्या दाव्यांचे आणि पुण्या-मुंबईच्या कंपन्यांचे इंग्रजी अर्ज वाढले आहेत. लातूरला शिकून बाहेर पडलेली पोरं हुशार आहेत, पण अर्जात लिहितात, 'माय बाईक वॉज रॉब्ड', किंवा त्याहून भारी, 'आय वॉज स्टोलन'. दुसऱ्या वाक्याचा अर्थ मलाच कुणीतरी पळवलं असा होतो. मराठीत 'लुटलं' हे माणसालाही लागतं आणि मालालाही, म्हणून हा घोळ. इंग्रजीत वाटणी कडक आहे. 'स्टील'च्या पुढे वस्तू येते, 'रॉब'च्या पुढे माणूस, घर किंवा बँक. त्यातही कायद्याची 'रॉबरी' रोजच्या बोलण्यापेक्षा अरुंद: जीव घेणं, इजा करणं, बेकायदा अडवून धरणं किंवा यांपैकी कशाची तरी तत्काळ भीती असल्याशिवाय ती होत नाही. पाच किंवा अधिक जण असले की दरोडा. कुलूप तोडून शिरणं वेगळं, उघड्या दारातून शिरणं वेगळं.

हा व्याकरणाचा काथ्याकूट नाही, यात पैसा अडकलेला आहे. २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे हरचंद राय चंदन लाल या व्यापारी पेढीचं प्रकरण आलं. गोदामातला माल गेला होता, विमा उतरवलेला होता. पॉलिसीत 'बर्गलरी' होती आणि तिची व्याख्या अशी की आत शिरताना बळाचा वापर झालेला हवा. तसा तो झालेला नव्हता. चोरी झाली हे खरं, पण पॉलिसीतलं क्रियापद दुसरं होतं. विमा कंपनी जिंकली. आमच्या मोंढ्यातल्या दुकानदारांना मी हा निकाल सांगते तेव्हा ते पॉलिसी घरी जाऊन शोधतात.

आणि आता 'गहाळ'. मोबाईल आल्यापासून या शब्दाला सुगीचे दिवस आले आहेत. बसस्थानकावर, बाजारात, यात्रेत खिशातून मोबाईल काढून नेला, तरी माणूस ठाण्यातून बाहेर येतो तो 'गहाळ' झाल्याचा दाखला घेऊन. सिमकार्ड मिळायला तो पुरतो, म्हणून माणूसही खूश. चोरीचा गुन्हा नोंदला की तपास करावा लागतो आणि तपास लागला नाही तर आकडा खराब दिसतो. गहाळ वस्तूला आरोपीच नसतो. गावगाड्यात माग संपला तिथलं गाव तरी बांधलेलं होतं. 'गहाळ'मध्ये बांधलेला राहतो तो फक्त ज्याचा मोबाईल गेला तो. दोनशे वर्षं कायदा सुधारत सुधारत आपण नुकसान पुन्हा त्याच्याच पदरात घातलं, हे माझं स्पष्ट मत आहे.

१ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली. चोरीचं जुनं ३७९ गेलं, ३०३ आलं. गळ्यातली साखळी किंवा हातातला मोबाईल हिसकावण्याला ३०४ हे स्वतंत्र कलम देशभरासाठी पहिल्यांदाच मिळालं. मेकॉलेचा बैल मात्र नव्या संहितेतही खजिना घेऊन उभा आहे. एक बदल लोकांना माहीत नाही: पाच हजार रुपयांपेक्षा कमी किमतीच्या वस्तूची साधी चोरी आता अदखलपात्र आहे, म्हणजे न्यायदंडाधिकाऱ्याच्या आदेशाशिवाय पोलीस तपास करू शकत नाहीत. शेतातली केबल, दोन शेळ्या, जुना मोबाईल; गरिबाची चोरी बहुधा याच रेषेच्या आसपास असते. म्हणून किंमत अंदाजे नको, पावतीसह लिहा.

तेव्हा फिर्याद द्यायला जाल तेव्हा 'गेलं' म्हणून थांबू नका. तुमच्या ताब्यातून, तुमच्या संमतीवाचून, कुणीतरी नेलं असेल तर 'चोरून नेलं' असं लिहायला सांगा. हातातून ओढलं असेल तर 'हिसकावून', धमकावलं असेल तर ते शब्द जसेच्या तसे. खरोखरच हरवलं असेल तर मात्र हरवलं म्हणा, खोटी चोरी लिहू नका. दखलपात्र गुन्ह्याची खबर नोंदवणं पोलिसांवर बंधनकारक आहे, असं सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने २०१३ मध्ये ललिता कुमारी प्रकरणात सांगितलेलं आहे. नोंदवली नाही तर लेखी अर्ज पोलीस अधीक्षकांना पाठवता येतो, तिथेही झालं नाही तर न्यायदंडाधिकाऱ्याकडे जाता येतं. लिहिलेलं वाचून दाखवायला लावा, मगच सही किंवा अंगठा करा. फिर्यादीची प्रत मोफत मिळते. ती हातात पडल्याशिवाय ठाण्यातून उठू नका.